सहा वर्षांचा मुलगा रोज घोरतो : टॉन्सिल काढावेत की वाट पाहावी?

वेंगुर्ले तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत शिकणारा. गेले दीड वर्ष तो जवळजवळ रोज रात्री घोरतो, तोंड उघडे टाकून आणि मान मागे फेकून झोपतो, घामाने उशी भिजते. शाळेत त्याचे चित्त थाऱ्यावर नसते अशी बाईंची तक्रार आहे आणि मध्यंतरी सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे. एका डॉक्टरांनी टॉन्सिल आणि ‘नाकामागचे मांस’ काढून टाकायला सांगितले. दुसऱ्यांनी सांगितले की आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत ते आपोआप आक्रसते, थांबा. तिसऱ्यांनी रात्रभराची झोपेची तपासणी सुचवली, पण ती गावाजवळ कुठे होत नाही. संशोधन याविषयी काय सांगते आणि आम्ही करावे तरी काय, असे त्या विचारतात.

मी सिंधुदुर्गात बालरोगतज्ज्ञ म्हणून पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम करतो आहे आणि अशा वयाचे, असेच झोपणारे मूल आठवड्यातून एखादे तरी माझ्यासमोर येते. मात्र ते घोरण्यासाठी म्हणून क्वचितच आणलेले असते. मूल अंगी लागत नाही, बारमाही सर्दी असते, शाळेत एका जागी बसत नाही, अशा तक्रारी असतात. रात्रीचे विचारले की आई जरा संकोचून सांगू लागते आणि सोबत आलेली आजी हसून विषय मिटवते, ‘बापाशीर गेलोहा, तो पण असोच घोरता.’ लहान मूल घोरते म्हणजे ते गाढ झोपले आहे, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की रात्री काय घडते हे ऐकण्यासाठी मला प्रश्न तीन-चार तऱ्हांनी विचारावा लागतो.

तुम्हाला मिळालेले तीन सल्ले एकमेकांशी भांडणारे वाटतात, परंतु खरे तर ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. टॉन्सिल मोठे आहेत का, हा एक प्रश्न. रात्री श्वास अडतो का आणि किती अडतो, हा दुसरा. शस्त्रक्रिया केल्यास नेमके काय सुधारेल, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर टॉर्च लावून अर्ध्या मिनिटात मिळते, म्हणून निर्णय बहुधा त्यावरच होऊन जातो. घशात सुपारीएवढे टॉन्सिल असूनही शांत झोपणारी मुले मी पाहिली आहेत आणि टॉन्सिल बेताचे असताना रात्रभर श्वासासाठी झगडणारीही पाहिली आहेत. टॉन्सिलचा आकार आणि रात्रीच्या अडथळ्याची तीव्रता यांचा मेळ फारसा बसत नाही, हे अभ्यासांतूनही वारंवार दिसलेले आहे.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे सोपे होते. नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या अंगाला ॲडिनॉइड नावाची ग्रंथी असते, जिला आपण ‘मांस’ म्हणतो. घशाच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात. साधारण दोन ते आठ या वयात घशाच्या पोकळीच्या मानाने या ग्रंथी सर्वांत मोठ्या असतात. मूल जागे असताना घशाचे स्नायू ही वाट ताणून उघडी धरतात, त्यामुळे दिवसा तपासताना सगळे ठीक दिसते. झोप लागली की स्नायू सैल पडतात आणि ज्या झोपेत स्वप्ने पडतात, बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात, त्या आरईएम झोपेत ते सर्वाधिक सैल पडतात. ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. म्हणून रात्री दहा वाजता डोकावणाऱ्या आईबापांना साधे घोरणे ऐकू येते आणि खरा खेळ पहाटे तीन-चारला, घर गाढ झोपेत असताना चालतो. ‘घोरतो, पण श्वास अडत नाही’ असे कोणी सांगितले की मी आधी विचारतो, कितीच्या सुमारास पाहिले?

मोठ्या माणसाचा श्वास अडला की मेंदू त्याला अर्धवट जागे करतो, झोपेचे तुकडे पडतात आणि तो दुसऱ्या दिवशी पेंगतो. मुलाचा मेंदू अडथळा बराच वेळ सहन करतो. झोपेची बाहेरची घडी पुष्कळशी शाबूत राहते, आणि मूल दिवसा पेंगण्याऐवजी चुळबुळे, चिडके, धांदरट होते. मोजण्याचे मापही त्यामुळे वेगळे आहे. प्रौढांमध्ये दहा सेकंद श्वास थांबला तर तो मोजला जातो. मुलांमध्ये दोन श्वासांचा वेळ चुकला तरी पुरे, आणि मिनिटाला वीसेक श्वास घेणाऱ्या सहा वर्षांच्या मुलात तो वेळ जेमतेम सहा सेकंदांचा होतो. प्रौढाला तासाला पाचपर्यंत असे अडथळे चालतात. मुलाला तासाला एकाहून जास्त अडथळे आले तर ते सर्वसाधारण मानत नाहीत. पाचपर्यंत सौम्य, पाच ते दहा मध्यम आणि दहाच्या पुढे तीव्र, अशी ढोबळ प्रतवारी आहे. नुसते रोजचे घोरणे पुष्कळ मुलांमध्ये आढळते. खऱ्या अर्थाने अडथळ्याचा झोपश्वसनविकार, ज्याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात, तो सुमारे १ ते ५ टक्के मुलांत असतो. म्हणजे घोरणाऱ्या बहुसंख्य मुलांना मोठा आजार नसतो. कोणाला आहे हे मात्र आवाजाच्या मोठेपणावरून ओळखता येत नाही.

हे आज मी सहज लिहितो आहे, पण व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात हे मला समजत नव्हते. समुद्रकाठच्या एका वाडीतून चार वर्षांची एक मुलगी वजन वाढत नाही म्हणून माझ्याकडे येत असे. मी तिला जंतांचे औषध दिले, लोह दिले, आहार समजावून सांगितला. रात्री ती बसून झोपते, असे तिची आई एकदा म्हणाली होती; मी त्याकडे लक्ष दिले नाही. आठ महिन्यांनी ती धाप लागून, यकृत वाढून आणि पायांवर सूज घेऊन आली. हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या बाजूवर ताण आलेला दिसला. रात्रीमागून रात्री प्राणवायू कमी पडत गेला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो, हे पुस्तकात वाचलेले मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्यावर काही महिन्यांत तिचे हृदय पूर्ववत झाले आणि वजनही भराभर वाढले. दोष सर्वस्वी माझा होता. आईने मला निदान सांगितले होते, मी ते ऐकले नव्हते. इतकी टोकाची अवस्था आता क्वचितच दिसते.

या गोष्टी वैद्यकाला नवीन नव्हत्या, हे त्याहून बोचणारे. विल्यम हिल यांनी १८८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या ‘मागासपणा’च्या कारणांवर लिहिताना नाक-घशाच्या अडथळ्याकडे बोट दाखवले होते. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ सालच्या पाठ्यपुस्तकात, टॉन्सिल वाढलेल्या मुलाची अस्वस्थ झोप, मोठ्याने होणारा श्वास, मध्येच लांबलेली शांतता आणि त्यानंतरचा खोल आवाजी श्वास यांचे हुबेहूब वर्णन आहे. त्यानंतर हा धागा जवळजवळ हरवला. ख्रिश्चन गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली आठ मुलांची रात्रभर तपासणी करून लेख प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे मुलांमधला स्लीप ॲप्निया हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे शस्त्रक्रियेने काय सुधारते याकडे येतो, कारण संशोधन येथे सर्वांत भरघोस आहे आणि त्याचा विपर्यासही येथेच सर्वांत जास्त होतो. १९९८ साली डेव्हिड गोझल यांनी अमेरिकेतील पहिलीच्या वर्गातील, गुणांच्या बाबतीत सर्वांत खालच्या दहा टक्क्यांत असलेली २९७ मुले रात्री तपासली. त्यांतील ५४ मुलांमध्ये झोपेतला श्वास बिघडलेला आढळला. पालकांना शस्त्रक्रियेचा सल्ला देण्यात आला. २४ मुलांची शस्त्रक्रिया झाली, उरलेल्यांच्या पालकांनी ती टाळली. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे सरासरी गुण २.४३ वरून २.८७ वर गेले, इतरांचे फारसे हलले नाहीत. हा अभ्यास जगभर उद्धृत झाला आणि ‘टॉन्सिल काढा, अभ्यास सुधारेल’ असे समीकरण त्यातून तयार झाले. परंतु शस्त्रक्रिया कोणाची करायची हे येथे पालकांनी ठरवले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. डॉक्टरांचा सल्ला मनावर घेऊन ऑपरेशनपर्यंत जाणारे पालक अभ्यासाकडेही जास्त लक्ष देत असतील, ही शंका त्यातून दूर होत नाही.

ती शंका फेडण्यासाठी पुढे चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेले अभ्यास झाले. त्यांतील महत्त्वाचा २०१३ साली प्रसिद्ध झाला. कॅरोल मार्कस आणि सहकाऱ्यांनी ५ ते ९ वर्षांच्या, स्लीप ॲप्निया सिद्ध झालेल्या ४६४ मुलांपैकी साधारण निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली आणि बाकीच्यांना देखरेखीखाली थांबवले. सात महिन्यांनी एकाग्रता आणि नियोजनक्षमता मोजणाऱ्या मानसशास्त्रीय चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. अभ्यासाचा मुख्य प्रश्न तोच होता, त्यामुळे ‘शस्त्रक्रियेचा उपयोग नाही’ अशी आवई उठली. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची झोप, वागणूक आणि एकूण जीवनमान स्पष्टपणे जास्त सुधारले होते. रात्रीची तपासणी सर्वसाधारण होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ७९ टक्के होते आणि थांबलेल्यांत ४६ टक्के. हा दुसरा आकडा मी पालकांना आवर्जून सांगतो. काहीही न कापता सात महिन्यांत जवळजवळ निम्मी मुले तपासणीवर बरी झाली, म्हणजे ‘थांबा’ म्हणणारे डॉक्टर हवेत बोलत नव्हते. मात्र त्या अभ्यासातून रक्तातला प्राणवायू फार घसरणारी मुले आधीच वगळली होती, आणि थांबलेल्या मुलांवर पूर्ण वेळ लक्ष होते. आपल्याकडचे थांबणे म्हणजे पुढच्या सर्दीपर्यंत विसरणे असते. त्या दोन थांबण्यांची तुलना होऊ शकत नाही.

त्याहून सौम्य त्रास असलेल्या, म्हणजे मुख्यतः घोरणाऱ्या ४५९ मुलांवरचा असाच अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतरही चित्र तेच निघाले. एकाग्रतेच्या चाचण्यांत फरक नाही. झोप, वागणे, जीवनमान यांत फरक आहे, आणि रक्तदाबही किंचित बरा. ऑस्ट्रेलियात शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात बुद्ध्यंकात फरक पडला नाही. दुसऱ्या बाजूने, इंग्लंडमधील एव्हन परिसरात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या ११ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींत असे आढळले होते की लहानपणी घोरणे, तोंडाने श्वास घेणे, श्वास अडणे अशी लक्षणे असलेल्या मुलांमध्ये सातव्या वर्षी वागणुकीच्या तक्रारी इतरांपेक्षा ४० ते १०० टक्के जास्त होत्या.

हे सगळे एकत्र ठेवून मी पालकांशी जे बोलतो ते असे. रात्रीची शांत झोप, घाम, सकाळची चिडचिड, अंथरूण ओले करणे, वजन न वाढणे, वर्गातली चुळबुळ, यांसाठी शस्त्रक्रिया करणार असाल तर तिला पुराव्याचा भक्कम आधार आहे. परीक्षेतले गुण वाढावेत म्हणून करणार असाल तर तसे आश्वासन मी देणार नाही, आणि कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नये.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे रात्री प्रत्यक्ष काय होते हे कसे कळेल, याकडे वळू. सर्वांत खात्रीची तपासणी पॉलिसोम्नोग्राफी. मुलाला एक रात्र रुग्णालयात झोपवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, नाकातून वाहणारी हवा, छाती-पोटाचे पट्टे, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि हृदयाचे ठोके एकाच वेळी नोंदवतात. आपल्याकडून यासाठी लोक गोवा, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडे आणि अनोळखी खोलीत तारा लावून रडणारे मूल, असा तो सगळा प्रपंच असतो. जगातही टॉन्सिल काढलेल्या बहुतेक मुलांची ही तपासणी झालेली नसते. तिचा आग्रह मी दोन वर्षांखालील मुले, डाउन सिंड्रोम असलेली मुले, जबडा किंवा कवटीच्या जन्मजात दोषाची मुले, स्नायूंचे आजार असलेली किंवा बरीच लठ्ठ मुले, आणि लक्षणे एक व तपासणी दुसरेच सांगते अशी मुले, यांच्यापुरता धरतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये तर काही त्रास दिसत नसला तरी चार वर्षांच्या आत ती करून घ्यावी, असा अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे, कारण या मुलांचे पालक लक्षणे ओळखण्यात पुष्कळदा चुकतात.

बाकीच्यांसाठी दोन साधने हाताशी आहेत. एक मोबाइल. गेल्या वर्षी ट्रॉलरवर काम करणाऱ्या एका वडिलांनी मला पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी काढलेली चित्रफीत दाखवली. मुलाचा बनियन गळ्यापर्यंत वर सारलेला, ट्यूबलाइट लावलेली. पोट फुगत होते तेव्हा छाती आत ओढली जात होती आणि गळ्याखाली, दोन हाडांच्या मधोमध खळगा पडत होता. मागून आईचा आवाज आला, ‘आता बघा हां.’ घोरणे थांबले. पोट हलतच होते, आवाज मात्र नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजले, अकरा सेकंद. मग घशातून फुरफुराट, पायांचा झटका, आणि मूल कूस बदलून पुन्हा घोरू लागले. दोन मिनिटांत हे तीनदा झाले. एवढ्या माहितीपुढे टॉन्सिल एक बोट मोठा की दोन, याला किंमत उरत नाही. तुम्ही अशीच चित्रफीत काढा : पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, छाती-पोट उघडे ठेवून, पंखा क्षणभर बंद करून, सलग दोन-तीन मिनिटे, आणि किमान तीन वेगवेगळ्या रात्री. ताजी सर्दी असताना नको. गणपतीचे दिवसही नकोत. भजनांमुळे एक वाजता झोपलेल्या मुलाची ती रात्र नेहमीची नसते.

दुसरे साधन म्हणजे रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर. कोविडनंतर घरोघरी आलेले बोटाचे यंत्र यासाठी चालत नाही. ते त्या क्षणाचा आकडा दाखवते, नोंद ठेवत नाही आणि प्रौढाच्या बोटासाठी घडवलेले असते. हवे ते यंत्र दर तीन सेकंदांच्या आतली सरासरी घेऊन आठ तासांची पट्टी काढते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील गटाने २००० साली दाखवून दिले की या पट्टीवर प्राणवायूच्या घसरणीचे तीन किंवा अधिक पुंजके दिसले आणि निदान तीन वेळा आकडा ९० टक्क्यांच्या खाली गेला, तर आजार असण्याची खात्री सुमारे ९७ टक्के असते. उलट पट्टी स्वच्छ आली म्हणून आजार नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण पुष्कळ मुले प्राणवायू घसरू न देता नुसता श्वासाचा झगडा करत राहतात. त्याचप्रमाणे रोनाल्ड चेर्विन यांनी २००० साली मांडलेली २२ प्रश्नांची यादी आहे. उत्तरे आईवडिलांनी द्यायची, आणि आठ किंवा अधिक ‘होय’ आली की पुढे जायचे. तुमच्या पत्रात मी न विचारताच त्यांतली सहा-सात आली आहेत.

एक साधी गोष्ट मात्र तत्पूर्वी मोजा : मूल एकूण किती तास झोपते. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास लागतात. रात्री अकरापर्यंत मोबाइलवर कार्टून पाहणाऱ्या आणि सकाळी सहाला उठवलेल्या मुलाची चुळबुळ टॉन्सिलच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असे राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले ते याच कारणासाठी, आणि तो निर्णय मला मनापासून आवडला.

औषधांच्या बाबतीत आपल्या किनाऱ्याचे हवामान विसरून चालणार नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भिंतींना बुरशी, न वाळलेल्या गोधड्या आणि ट्रंकेतल्या वासाच्या चादरी. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना दमट गादीसारखे दुसरे घर नाही. नाक सुजलेले राहिले की त्यामागची वाट आणखी अरुंद होते. म्हणून पावसाळ्यात घोरणे वाढते आणि मार्च-एप्रिलमध्ये काही मुलांत ते निम्म्यावर येते. त्यात भर घालतो तो मच्छरांच्या कॉइलचा धूर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. बंद खोलीत, मुलाच्या उशाशी ती रात्रभर जळत असते! मच्छरदाणी लावा. गोठ्यातली धुरी संध्याकाळीच, दारे उघडी असताना द्या.

शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी सहा आठवडे नाकाचा उपचार करून पाहणे योग्य आहे. येथे एक गमतीचा निष्कर्ष आहे. मेलबर्नमध्ये ३ ते १२ वर्षांच्या २७६ घोरणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना नाकात स्टेरॉइडचा फवारा आणि निम्म्यांना साध्या मिठाच्या पाण्याचा फवारा सहा आठवडे दिला गेला. त्रास पूर्ण थांबलेली मुले पहिल्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्यात ४१ टक्के निघाली. म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनच्या थेंबांनीही तेवढेच काम झाले. विहिरीच्या न उकळलेल्या पाण्यात मीठ कालवून ते नाकात घालू नका. तयार बाटलीच घ्या. सर्दीच्या सरसकट चिठ्ठीत येणाऱ्या माँटेलुकास्टबद्दल मी सावध आहे. सौम्य त्रासात त्याचा थोडा उपयोग दिसलेला आहे, पण मुलाच्या मनःस्थितीवर आणि झोपेवर होणाऱ्या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. ज्या मुलाची झोप आणि वागणूक सुधारायची आहे, त्याला ते महिनोन्‌महिने देणे मला पटत नाही.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर थोडे घरगुती सांगतो. तीन वर्षांखालील किंवा तीव्र त्रासाच्या मुलाला त्या रात्री रुग्णालयातच ठेवावे, कारण घसा सुजलेला असताना पहिली रात्र सर्वांत जोखमीची असते. शस्त्रक्रियेनंतर कोडीन असलेले औषध मुलाला मुळीच देऊ नये. काही मुलांच्या शरीरात त्याचे भराभर मॉर्फिनमध्ये रूपांतर होऊन श्वास मंदावतो, आणि असे मृत्यू घडल्यामुळे २०१३ पासून तसा इशारा आहे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल वेळेवर द्यावे, दुखेपर्यंत वाट पाहू नये. रक्तस्रावाचा धोका एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो, आणि त्यातला उशिराचा भाग खपल्या सुटतात तेव्हा, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी येतो. ज्यांचे गाव घाटाच्या पायथ्याला किंवा खाडीपलीकडे आहे, त्यांनी ते दहा दिवस तालुक्याच्या ठिकाणी पाहुण्यांकडे काढावेत. कोमट किंवा गार पेज चालते, सोलकढीने घसा झोंबतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे विषय संपला असे धरू नये. २०१० साली ५७८ मुलांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा तपासणी पूर्णपणे सर्वसाधारण झालेली मुले २७ टक्केच निघाली. त्या ५७८ मुलांपैकी जवळपास निम्मी लठ्ठ होती, त्यामुळे आपल्याकडच्या सडपातळ मुलाला तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. पण दमा, सात वर्षांहून जास्त वय आणि मुळातली तीव्रता यांमुळे थोडा त्रास मागे राहू शकतो. दोन महिन्यांनी मी पुन्हा पहाटेची चित्रफीत मागवतो.

तुमच्या मुलापुरते बोलायचे तर रोजचे घोरणे, मान मागे टाकणे, घाम आणि सुटलेले अंथरूण पुन्हा ओले होणे, ही चार लक्षणे एकत्र आहेत. नुसते ‘मोठा झाल्यावर जाईल’ म्हणून सोडून देण्यासारखे हे नाही. या आठवड्यात तीन रात्री चित्रफिती काढा, सलाइन सुरू करा, कॉइल बंद करा. चित्रफितीत श्वास थांबताना किंवा छाती खोल आत ओढली जाताना दिसली, तर सहा आठवडे थांबू नका; रात्रभराचा ऑक्सिमीटर लावून घ्या आणि ती पट्टी घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मग टॉन्सिल मध्यम दिसले तरी शस्त्रक्रियेला माझी संमती राहील. नुसते घोरणेच असेल तर सहा आठवड्यांचा उपचार पूर्ण करून त्याच वेळी, त्याच अंथरुणावर पुन्हा तीन रात्री पाहा. ओठ निळसर दिसले, मूल बसल्याशिवाय झोपू शकत नसेल किंवा दिवसाही धाप लागत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि येताना तारखा घातलेली एक वही आणा : कितीला झोपला, कितीला उठला, अंथरूण ओले झाले की नाही. शाळेतल्या बाईंनाही तिच्यात दोन ओळी लिहायला सांगा.